फुंकरीचं घराणं

घराणं म्हटलं की किराणा, जयपूर, ग्वाल्हेर आठवतं. पितळी वाद्याचं घराणं ऐकिवात नसतं. तरी ते असतं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. लेक इव्हॉन जॅझ गायिका झाली आणि घरचा जावईही सॅक्सोफोनवाला, नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस. कोलकात्यात त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्या लुई बँक्स यांचं घर तर आणखी पुढचं. आजोबांनी नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताला चाल लावली, वडील ट्रम्पेटवर, स्वतः पियानोवर, मुलगा जिनो ड्रमवर. चार पिढ्यांत कुणाला तलाठ्याची परीक्षा द्यावीशी वाटली नाही, हे आमच्या बीड जिल्ह्यात सांगितलं तर लोक आधी हळहळतील.

आता हा जॅझ बीडला कसा आला? तो आला वरातीतून, नाव न सांगता. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि त्यांचे सहायक चिक चॉकलेट यांनी ताजमधली ती लय सिनेमात आणली. 1951 चा ‘अलबेला’ आला, भगवानदादा नाचले आणि गावोगावच्या बँडवाल्यांनी ती गाणी उचलली. ताजमध्ये साहेब ज्यावर पावलं मोजत नाचायचे, त्यावर आमच्याकडे नवरदेवाचा मामा धुरळा उडवू लागला.

बँडही घरचाच धंदा. चुलता क्लॅरिनेटवर, थोरला ट्रम्पेटवर, धाकट्याच्या गळ्यात ढोल. ऊसतोडीची माणसं कारखान्यावरून परतली की लग्नसराई भरात येते आणि बँडवाल्याच्या हातात सुपारी पडते. वरात निघायच्या आधी हलगीवाला कागद पेटवून त्यावर कातडं शेकतो, बोटाने टिचकी मारतो, पुन्हा शेकतो. मास्तर ट्रम्पेट उलटं करून त्यातली लाळ झटकतात. मग गाणं सुरू होतं. पण ते कधी संपेल हे मास्तरांच्या हातात नसतं. एखादा पाहुणा दहाची नोट दातांत धरून आडवा झोपला, की तेच कडवं फिरवून, लांबवून, नव्या हरकती घालून वाजवत राहायचं, तो उठेपर्यंत. जॅझवाले तरी दुसरं काय करतात? ठरलेली चाल सोडायची आणि समोरच्याचा रंग बघून तिथल्या तिथे नवी जुळवायची. फरक एवढाच की त्यांच्याकडे श्रोता खुर्चीत बसलेला असतो.

आता डीजे आलाय. त्याला ना फुंकर लागते, ना पाहुण्याचा अंदाज. नोट दातांत धरणाऱ्यासाठी तो थांबतही नाही. बँडवाल्यांची पोरं म्हणूनच भरतीच्या तयारीला लागली आहेत, आणि त्यांना नावं ठेवायची सोय नाही. स्थळ बघायला गेल्यावर ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘ट्रम्पेट वाजवतो’ असं उत्तर येऊनही पोह्यांची बशी पुढे सरकवणारा सासरा आमच्याकडे निघाला, की समजावं, घराणं चालणार.