डबीची थोरवी

घाटंजीच्या बाजारात एखाद्या म्हातारीने गाठोड्यातली शिवराई सराफापुढे ठेवली, तर तो ती चिमटीत उलटीसुलटी करील आणि बहुधा तांब्याचा भाव सांगून मोकळा होईल. या अडाणी परीक्षेची कीव यावी, इतकी सुधारणा अमेरिकेने केव्हाच केली आहे. विल्यम शेल्डन या गृहस्थाने १९४९ साली तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० गुणांची श्रेणी बसविली आणि पुढे पीसीजीएस व १९८७ त एनजीसी या पेढ्यांनी नाणे पारखून प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करण्याचा रीतसर कारखाना थाटला.

येथवर तक्रार नाही. परंतु एनजीसीच्या ज्या पहिल्या डबीची काळी बैठक अल्पावधीतच रद्द होऊन पांढरी आली, त्याच काळ्या डबीसाठी, आणि पीसीजीएसच्या आरंभीच्या खुळखुळणाऱ्या डब्यांसाठी, आज रसिक मंडळी खुशीने वर्ताळा मोजतात. आत नाणे कोणते, ही चौकशी मागाहून! त्यातही पेच असा की, जुने परीक्षक हात राखून गुण देत, सबब डबी फोडून नाणे पुन्हा परीक्षेस बसविल्यास गुण वाढण्याची आशा असते, आणि डबी फोडावी तर डबीचेच मोल जाते.

मराठेशाहीतला पोतदार झिजल्या रुपयावर बट्टा कापून घेई आणि पारख संपली असे समजे. नाण्यांच्या थैलीलाही दर्जा द्यावा, हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानी आले नाही, आणि थैल्या तर रयतेने केव्हाच पोतेऱ्याला लावल्या असाव्यात.