सेवानिवृत्त ‘पैसे मागा’ बटणास अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. ‘पैसे मागा’ ऊर्फ कलेक्ट रिक्वेस्ट,
मु. पो. यूपीआय

सप्रेम नमस्कार वि. वि.

१ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाकडे तुमच्यामार्फत पैसे मागायचे नाहीत, असं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने फर्मान काढलं आणि ऐन उमेदीत तुम्हाला घरी बसवलं. ना निरोप समारंभ, ना शाल-श्रीफळ. म्हटलं, आपण तरी चार ओळी खरडाव्यात.

२०१६ साली यूपीआयबरोबर तुम्ही जन्मलात, तेव्हा काय रुबाब होता! मी रक्कम टाकायची, ती समोरच्याच्या फोनवर उमटायची, त्याने पिन दाबला की पैसे माझ्या खात्यात. उसन्या पैशांसाठी घसा खाकरणं नको, पावसापाण्यावरून विषय वळवत आणणं नको. फक्त तुम्हाला आमची माणसं ठाऊक नव्हती. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये बेधडक स्कॅन करणारा मनुष्यही साडूला रिक्वेस्ट पाठवायला धजावला नाही. कल्पना करा, महाबळेश्वरहून परतलेल्या साडूच्या फोनवर भर पंगतीत ‘१,२४० रुपयांची विनंती : स्वीकारा / नाकारा’ झळकतंय. नाकारलं तर एक वेळ ठीक. स्वीकारलं तर ते १,२४० रुपये बायकोच्या माहेरी प्रत्येक बारशाला, प्रत्येक डोहाळजेवणाला निघणार. त्यापेक्षा बुडालेले परवडले.

तेव्हा आम्ही सभ्य माणसं तुमच्या वाटेला गेलोच नाही. तुमचं चीज केलं ते भामट्यांनी. जुना सोफा विकायला काढला की लगेच फोन यायचा. गिऱ्हाईक म्हणे सैन्यात, बदलीची ऑर्डर हातात, घासाघीस अजिबात नाही. (जुन्या सोफ्याला सांगितली ती किंमत मिळतेय, इथेच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती.) ‘काका, पैसे पाठवलेत. पिन टाका, म्हणजे जमा होतील.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, लागतो तो द्यायला. पण एवढं आठवेपर्यंत काकांचं बोट चौथ्या आकड्यावर पोचलेलं असायचं. सोफा घरात, पैसे घराबाहेर. पुढे एका वेळी २,००० रुपयांहून जास्त मागू नये अशी वेसण तुम्हाला घातली गेली. पण थेंबे थेंबे तळे साचे हे चोरांच्याही शाळेत शिकवत असावेत.

तुमच्या जाण्याने भामटे बेकार झाले असतील, अशी काळजी मात्र करू नका. ते केव्हाच बढती घेऊन पोलीस अधिकारी झालेत आणि व्हिडिओ कॉलवर लोकांना ‘डिजिटल अरेस्ट’ करतात.

आमचं म्हणाल, तर सोसायटीच्या ग्रुपवर आधी कार्यक्रमाचे फोटो टाकायचे, मग क्यूआर कोड, त्याखाली हात जोडायचे आणि लिहायचं : ‘सवडीने पाठवा, घाई नाही.’ म्हणजे आजच पाठवा. तत्पर मंडळी लगेच पैसे भरून स्क्रीनशॉट टाकतात, तो खजिनदारासाठी कमी आणि शेजाऱ्याला टोचण्यासाठी जास्त. उरलेले अंगठा दाखवतात. नोटांच्या काळात हीच मंडळी ‘सुट्टे नाहीत हो’ म्हणायची. आता ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. तेवढे पेलणारा सर्व्हर आमच्या बी विंगेतल्या ठरावीक फ्लॅटांपुरता, तोही वर्गणीच्याच दिवशी, कसा काय मान टाकतो, हे अभ्यासकांनी शोधावं.

तुम्ही असता तरी मी तुम्हाला वापरलं नसतंच म्हणा. पण निदान तशी धमकी देता आली असती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोजागिरीच्या मसाला दुधाची वर्गणी अजून येणं असलेला
एक खजिनदार

ता. क. : दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोनदा दूध घेतलं होतं.