कॉइलशास्त्री

इंग्लंडच्या ग्रामीण भागात उन्हाळ्यात भरणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यांत हमखास भेटणारा कॉइलशास्त्री हा बहुधा निवृत्त, डोक्यावर टोपी व खिशात शिसपेन्सिल बाळगणारा गृहस्थ असून, त्याच्या व्यासंगाचा विषय ‘फर्गी’ या लाडक्या नावाचा करडा फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर, त्यातही त्याची इग्निशन कॉइल, आणि त्यातही त्या कॉइलच्या दोन वायरी, एवढाच असतो. कोव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात हे ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक तयार झाले व त्यांतील पुष्कळसे पेट्रोलवर चालणारे असल्याने त्याला विषयाची टंचाई कधी भासत नाही.

कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून प्लगमध्ये ठिणगी पाडणारे वेटोळे. या ट्रॅक्टरात बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, म्हणून कॉइलचे उणे अग्र स्विचकडे व अधिक अग्र डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडे, जावयास हवे. आजच्या मोटारीत मात्र ऋण टोक सांगाड्याला असते, त्या सवयीने नवशिका नेमके उलटे करतो. प्लगचा तापलेला मधला दांडा ऋण असला तर इलेक्ट्रॉन त्यावरून सहज सुटतात. जोडणी उलटी झाली की त्याच ठिणगीला अधिक विद्युतदाब लागतो. तरीही ठिणगी पडते व ट्रॅक्टर चालतो, आणि शास्त्रीबुवांचा सारा चरितार्थ या ‘तरीही’वर उभा आहे. (महाराष्ट्रातील ट्रॅक्टर डिझेलवर चालतात व डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेतच पेट घेत असल्याने तेथे कॉइल लागत नाही, एरवी बांधावरच्या भांडणांत आणखी एकाची भर पडली असती.)

सुरळीत धडधडणारा ट्रॅक्टर दिसला की शास्त्रीबुवा कान टवकारतात, मान हलवतात आणि मालकाने काही विचारलेले नसताना पेन्सिल बाहेर काढतात. प्लगची वायर उपसून, वायर व प्लग यांच्यामधल्या फटीत पेन्सिलीचे टोकदार शिसे धरले असता, ठिणगीचा भडका प्लगच्या बाजूस दिसला तर जोडणी बरोबर व वायरीच्या बाजूस दिसला तर उलटी, अशी ही जुनी व खरीखुरी परीक्षा आहे. मधूनच हाताला झटका बसतो, परंतु तो चेहऱ्यावर दिसू देणे शास्त्रास धरून नाही. भडका योग्य बाजूस निघाला तर शास्त्रीबुवांचा चेहरा पडतो व ते विषय कंडेन्सर या इग्निशनच्याच दुसऱ्या भागावर नेतात. उलट्या बाजूस निघाला तर मात्र आजूबाजूच्या चार मालकांना बोलावून तो पुन्हा दाखविला जातो.

वायरींची अदलाबदल झाल्यावर, ट्रॅक्टर पूर्वी चालत होता तसाच चालतो आहे, अशी तक्रार मालक दबक्या आवाजात करतो. त्यावर खरा फरक जानेवारीतल्या गारठलेल्या पहाटे इंजिन सुरू करताना कळेल, असे उत्तर ठरलेले असते. जानेवारीत मेळावा भरत नाही, हे शास्त्रीबुवांच्या चांगलेच पथ्यावर पडते.