चहाच्या टेबलावरील व्यूहशास्त्र: एक अल्प प्रबंध, मालेगाव येथील निरीक्षणांसह

महाभारतातल्या अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचे कसे हे ठाऊक होते, बाहेर पडायचे कसे हे ठाऊक नव्हते. फुटबॉलच्या रसिकाचे ज्ञान याच्या नेमके उलट असते. कोणाला बाहेर काढायचे हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळते. त्याच्या जागी आत कोण, हा किरकोळ तपशील तो कोचवर सोपवतो. या ज्ञानाचा पद्धतशीर अभ्यास आपल्याकडे झालेला नाही. ही उणीव भरून काढावी, निदान ती आहे हे तरी मोठ्या आवाजात सांगावे, हा प्रस्तुत प्रबंधाचा हेतू आहे.

प्रथम परिभाषा. फॉर्मेशन म्हणजे आडव्या रेघांनी जोडलेले तीन किंवा चार आकडे, ज्यांची बेरीज दहा यावी अशी अपेक्षा असते. गोलकीपरला या बेरजेत धरत नाहीत. त्याला फक्त पराभवात धरतात. रसिकाने सुचवलेल्या फॉर्मेशनची बेरीज मात्र बहुधा अकरा भरते. ‘‘मागे चार, मध्ये चार, पुढे तीन,’’ असे ठासून सांगितले जाते. ‘‘नाना, गोली धरून बारा झाले,’’ असे कोणी म्हटलेच, तर ‘‘मग रेफ्री त्यांच्या बाजूने असतो तो चालतो का?’’ असा प्रतिप्रश्न येतो.

निरीक्षणस्थळ म्हणून मालेगाव निवडण्याला कारणे आहेत. या गावाची कीर्ती फुटबॉलसाठी नाही, यंत्रमागांसाठी आहे. त्यामुळे येथील फुटबॉल-चर्चा प्रत्यक्ष फुटबॉलच्या संसर्गापासून बरीच मुक्त राहिली आहे. दुसरे कारण गावाच्या स्वभावातले. लांबवरची एखादी भव्य गोष्ट घ्यावी आणि मूळ मालकाला न विचारता तिची आपली आवृत्ती काढावी, ही इथली मान्यताप्राप्त कला आहे. नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे मालेगावने स्वतःचा सुपरमॅनही उडवला. कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणजे सायकल आणि क्रेन म्हणजे बैलगाडी, इतक्या साहित्यात ज्या गावाचे काम भागते, त्याला मँचेस्टरचा बचाव दुरुस्त करायला काय लागणार?

तिसरे कारण विजेचे, आणि ते निर्णायक आहे. वीज असली की माग चालतात, आणि मागांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही. वीज गेली की माग थांबतात, कामगार बाहेर येतात, मोसम पुलाच्या आसपासची चहाची हॉटेले भरतात. त्याच क्षणी हॉटेलातला टीव्हीही बंद पडलेला असतो. म्हणजे डावपेचांची सर्वांत सखोल चर्चा, खेळाचा कसलाही व्यत्यय न येता पार पडते. खडखडाटाची सवय असल्याने शांततेतही आवाज त्याच पट्टीत लागतो, हा अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक लाभ. समोरच्या फुटपाथवर उभे राहूनही टिपणे घेता येतात.

आता साधनांकडे वळू. फॉर्मेशन हवेत मांडता येत नाही, टेबलावर मांडावे लागते, आणि टेबलावर असतात चहाचे ग्लास. चार जण बसले तर चार ग्लास, दोन पाण्याचे, एक बशी, खारीचे दोन तुकडे. इतक्या मनुष्यबळावर अकरा जणांचा संघ उभा करायचा असल्याने मधली फळी कायम रिकामी राहते. ‘‘बघ, मिडफिल्डमध्ये कोणीच नाही!’’ हे निदान सगळीकडे इतक्या एकमताने का होते, याचा उलगडा इथे होतो. डाव्या बाजूच्या कमकुवतपणाचे मूळही साधनांतच सापडते. पोऱ्या रिकामे ग्लास उचलतो तो नेहमी टेबलाच्या कडेचा, म्हणजे लेफ्ट बॅक. चर्चा ऐन रंगात असताना लेफ्ट बॅक विसळायला गेलेला असतो आणि प्रतिस्पर्ध्यांचा विंगर, म्हणजे खारीचा मोठा तुकडा, मोकळा सुटतो. त्याला शेवटी कोणीतरी खाऊन अडवतो.

न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीही न मांडता समोरच्याचे फक्त खोडून काढणे ती वितंडा. फुटबॉल-चर्चेत हे तिन्ही याच क्रमाने येतात, पण वादाचा कालावधी चहा येईपर्यंतच असतो. जल्पाला आधार लागतो तो भूतकाळाचा. २२ नोव्हेंबर २०२२, मंगळवार, भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीन: अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. सौदीने बचावाची ओळ इतकी पुढे आणून ठेवली की अर्जेंटिनाचे तीन गोल पूर्वार्धातच ऑफसाइड ठरले. शेवटी सौदी २-१ जिंकला. त्या संध्याकाळी अर्जेंटिनाची मधली फळी मेलेली आहे, असा निकाल टेबलावर लागला. पुढे कोच स्कालोनी यांनी मॅक अॅलिस्टर, एन्झो फर्नांडिस आणि हुलियान अल्वारेझ यांना पहिल्या अकरांत घेतले. १८ डिसेंबरला अर्जेंटिनाने फ्रान्सला पेनल्टींवर हरवून विश्वचषक उचलला. ‘‘हेच मी बोललो होतो,’’ हे वाक्य त्या रात्री ज्यांनी उच्चारले, त्यांची संख्या नोव्हेंबरच्या मंगळवारी बोलणाऱ्यांपेक्षा बरीच मोठी होती. या शक्तीला आम्ही पश्चाद्‌भविष्यकथन असे नाव देतो. तिला हरवणे अशक्य आहे, कारण तिची सगळी भाकिते आधीच खरी ठरलेली असतात.

वितंडा ही ब्राझीलच्या चाहत्यांची खासियत. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंतेला जर्मनीने त्यांना ७-१ हरवले. नेमार जखमी होता, थियागो सिल्व्हावर बंदी होती, ही दोन वाक्ये गेली कैक वर्षे सात गोलांचा भार वाहत आहेत. दोन माणसांवर सात गोल वाटता येत नाहीत, साडेतीन-साडेतीन पडतात, असा आक्षेप एकदा घेतला गेला. उत्तर आले, ‘‘मग अर्धा गोल तुम्ही घ्या.’’

इथवरचे सर्व केवळ भूमिका होती. प्रबंधाचा मुख्य सिद्धांत असा: संघाचे दुखणे कुठे आहे, हे बघणाऱ्याच्या धंद्यावरून ठरते. दुखणे एकच, सामना एकच. पण टेबलाभोवती जितके व्यवसाय, तितकी निदाने.

सायझिंगमध्ये काम करणारा घ्या. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देणे, म्हणजे ते ओढाताणीत तुटू नये असे करणे, हे त्याचे आयुष्य. त्याच्या मते मैदानावर जे होते ते सगळे आधीच झालेले असते. ‘‘पोरगं कच्चं आहे, खळ बसलेली नाही, आणि याला थेट मागावर चढवलं,’’ असे तो एकोणीस वर्षांच्या सेंटर बॅकविषयी म्हणतो. सामन्यातल्या चुकांत त्याला रस नाही. सराव-शिबिरात काय झाले एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

माग चालवणाऱ्याचे दुःख निराळे. एकाच वेळी कितीतरी मागांवर नजर ठेवायची, एकाची तार तुटली की सांधायची, तोवर दुसऱ्याची कांडी संपलेली. अशा माणसाला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ही चैन वाटते. ‘‘मी इतके माग बघतो. ह्याला नव्वद मिनिटं एक माणूस बघवत नाही?’’ या प्रश्नाला युरोपातल्या कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, माणसाला कधीच दोष देत नाही. माग बिघडला तर कामगाराला बोलून उपयोग नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याचा रोख सेटिंगवर. फटका उशिरा लागला की धोटा अर्ध्यात अडकतो, तसा पासही. फॉर्मेशनवर खऱ्या श्रद्धेने बोलणारा टेबलावरचा एकमेव माणूस हाच. ४-४-२ चे ४-२-३-१ केल्यावर सगळे सुरळीत होईल, असे तो खिशातला पाना चाचपत सांगतो. कापडाची घडी घालणारा त्याला विरोध करतो, कारण त्याच्यापर्यंत माल पोचतो तो तयार होऊन. त्याला फक्त डाग दिसतात. साहजिकच तो गोलकीपरवर घसरतो. सूत व्यापाऱ्याला विचारले तर खेळाडू वाईट नसतो, चढ्या भावात घेतलेला असतो.

या सर्वांवर मात करतो तो बाजार समितीतला कांदा व्यापारी. वय झालेल्या स्ट्रायकरला संघात का ठेवले, यावर त्याचे मत ऐकण्यासारखे असते. ‘‘भाव होता तेव्हा विकला नाही. चाळीत ठेवला. आता खालून सडतोय, वरून छान दिसतोय.’’ मोठ्या क्लबांच्या खरेदी-विक्रीवर इतके नेमके भाष्य दुसरीकडे वाचल्याचे स्मरत नाही. निवृत्त शिक्षकांची मते आम्ही जागेअभावी गाळली. त्यांचा सारांश ‘शिस्त’ असा आहे.

सिद्धांताला एक अपवाद आढळला. शाळा-कॉलेजात खरोखर फुटबॉल खेळलेले एक गृहस्थ कोपऱ्यात बसत. संघ का हरला असे विचारता ते म्हणाले, ‘‘कधी कधी त्या दिवशी पाय चालत नाहीत.’’ पुरावा अपुरा म्हणून ही नोंद वगळली आहे.

विरुद्ध पक्ष म्हणेल की व्यूहरचना हे स्वतंत्र शास्त्र आहे, धंद्याशी त्याचा संबंध जोडणे हा खोडसाळपणा. पण या शास्त्राचा इतिहास काय दाखवतो? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात २-३-५ आले, म्हणजे पाच जण पुढे आणि मागे काय होईल ते होईल. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला: पुढे असलेला खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे तीन लागत, तिथे दोन पुरेसे ठरले. गोलांचा पाऊस पडू लागला, तेव्हा आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला एक माणूस मागे खेचून तिसरा बचावपटू केला. पुढे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीचे हिदेगकुटी सेंटर फॉरवर्ड असूनही मागे रेंगाळत राहिले. त्यांच्यामागे जावे की जागेवर थांबावे, हे इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टन यांना शेवटपर्यंत उमगले नाही. वेम्बलीवर इंग्लंड ६-३ हरले. सगळी क्रांती एका माणसाला चार पावले पुढे-मागे करण्याची आहे. टेबलावर ग्लास सरकवणाऱ्यापेक्षा चॅपमन यांनी वेगळे ते काय केले? फक्त त्यांचा ग्लास पळत होता.

मालेगावची निरीक्षणे कोल्हापूरला लागू पडतात का, हे तपासणे क्रमप्राप्त होते, कारण मराठी मुलखात फुटबॉलची राजधानी तीच. तिथे क्लब हे तालमींचे: पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे आणि शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो फ्लेक्सवर उभे राहतात. तरी तिथल्या चर्चेत एक महत्त्वाचा फरक जाणवतो. त्यामागचा नियम असा: टीकेची तीव्रता वक्ता आणि खेळाडू यांच्यातील अंतराच्या सम प्रमाणात वाढते.

मालेगावात बसून मँचेस्टरच्या लेफ्ट बॅकला काहीही म्हणता येते. त्याच्या कानावर जाण्याचा संभव नाही. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत मात्र लेफ्ट बॅकचे घर बोलणाऱ्याच्या घराला लागून असू शकते, आणि मागच्या पायरीवर त्याचा चुलता बसलेला असू शकतो. ‘‘काय खेळतंय रं हे?’’ असे सुरू झालेले वाक्य, मागून ‘‘कोण म्हणालं रं आमच्या पोराला?’’ असे ऐकू येताच, ‘‘म्हंजे ग्राऊंडच खराब हाय, त्याला काय दोष,’’ असे संपते. याच कारणाने कोल्हापूरच्या डावपेचांच्या चर्चेत मैदान, पंच आणि वारा यांचा वाटा मालेगावपेक्षा जास्त आहे.

या नियमालाही तडा जातो तो घरचे पोर दूर गेले की. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या आघाडीवर होता. खेळाडू टीव्हीच्या पडद्यात, म्हणजे अंतर पुष्कळ. नियमाप्रमाणे टीका वाढायला हवी. पण आपल्या गावचा फॉरवर्ड असला की दोष मिडफिल्डकडे सरकतो: पासच देत नाहीत, तर पोरगं काय करणार?

मालेगावच्या टेबलावर आम्ही एकदा प्रयोग करून पाहिला. सर्वांना मान्य होईल असा, ज्यात चूक काढता येणारच नाही असा निर्णय समोर ठेवायचा. निवड केली १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांची. कोच सय्यद अब्दुल रहीम. सेंटर बॅक जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झालेली, टाके पडलेले. रहीम यांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क पुढे, सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी एक आणि जर्नेल यांनी एक गोल केला. भारत २-१ जिंकला, सुवर्णपदक मिळाले.

टेबलावर काही वेळ कोणी बोलले नाही. सायझिंगवाल्याने मान डोलावली. कांदा व्यापारी ‘‘बरोबर जागी बरोबर भाव,’’ असे काहीसे पुटपुटला. जॉबरने मात्र बशी पुढे ओढली, त्यात जर्नेल सिंग म्हणून चमचा ठेवला, मागची मोकळी जागा बोटाने दाखवली आणि विचारले, ‘‘म्हणजे मागे हा नव्हताच. तरीच एक गोल खाल्ला ना?’’