दोन हजेऱ्यांचा धनी

आरमोरी हे वैनगंगेच्या काठचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले आणि कोशाच्या कापडासाठी ख्यात असलेले तालुक्याचे गाव. येथील मनुष्य स्वभावतः सबुरीचा. या सबुरीला अपवाद म्हणून जो एक प्राणी पहाटे साडेचारच्या सुमारास, थोरल्या भावाचे बूट पायांत घालून, कोणी पाठीस लागलेले नसताना गडचिरोलीच्या सडकेने धावत सुटलेला दिसतो, तो म्हणजे आमचा खेळाडू विद्यार्थी होय. कोणी पाठीस लागलेले नसताना, असे म्हटले खरे; तथापि वडशाच्या जंगलातील नरभक्षक वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये जेरबंद होईपर्यंत इतकी शाश्वती देणे कठीण होते. त्या दिवसांत घरोघरच्या आयांनी ही धाव परस्पर रद्द केली, आणि जंगलाच्या मुलखात व्यायामाचे वेळापत्रक अखेर वनखात्याच्या मर्जीवर ठरते, हे पी.टी. सरांनाही मान्य करावे लागले.

हा गृहस्थ दहावीत आहे आणि कबड्डीत उजव्या बाजूने चढाई करतो. एका देहाच्या दोन हजेऱ्या दोन वेगळ्या दप्तरांत लागत असल्यामुळे त्याच्या अंगी जे मुत्सद्दीपण आले आहे, ते जुन्या दरबारातील वकिलांनी पाहून शिकावे. वर्गात तो खेळाडू असतो; मैदानावर तो विद्यार्थी असतो. गणिताच्या तासाला फळ्यापाशी उभे केले, की तो गुडघ्यावरील पट्टीकडे अशा करुण दृष्टीने पाहतो की प्रमेय बाजूला राहून शिक्षकच त्याला बाकावर बसण्याची विनंती करतात. आणि सायंकाळी पी.टी. सरांनी दहा फेऱ्यांचे फर्मान सोडले, की उद्याच्या चाचणीचे त्याला अकस्मात स्मरण होते. यात अप्रामाणिकपणा आहे असे मला वाटत नाही. दोन्ही खाती त्याच्या चोवीस तासांवर पूर्ण हक्क सांगत असताना, एकाविरुद्ध दुसऱ्याची सनद दाखविण्यावाचून त्या रयतेने करावे तरी काय? खेळणाऱ्या मुलींची मात्र तिसरी हजेरी चुलीपाशी असते, आणि तिथे गुडघ्याची पट्टी चालत नाही. म्हणूनच की काय, त्यांचा अभ्यासही याच्यापेक्षा पुष्कळ पुढे असतो.

घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. आजोबा अंगणातून जाता-येता, “खेरून पोट भरते का गा?” एवढाच प्रश्न विचारतात आणि उत्तराची अपेक्षा ठेवीत नाहीत. वडिलांनी मात्र सरकारचे निर्णय नीट समजून घेतले आहेत. बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे सवलतीचे गुण पंचवीसपर्यंत मिळू शकतात आणि शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे ज्ञान झाल्या दिवसापासून त्यांनी मुलाची प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी पेटीत ठेविली आहेत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्र अशी चढती भाजणी त्यांना मुखोद्गत आहे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले, ही हकीकत कोणी सद्गदित होऊन सांगू लागला, तर ते शांतपणे पुढचा तपशील पुरवितात की खाशाबा पुढे पोलीस खात्यात फौजदार झाले. पदकाचा मार्ग कुठूनही निघो, तो भरतीच्या मैदानाकडेच जातो, असा त्यांचा सिद्धान्त असून गडचिरोली जिल्ह्यात तो खोडून काढणे सोपे नाही.

या सर्व कारभारात ज्याची फिर्याद कोणत्याच कचेरीत दाखल होत नाही, असा एक पक्षकार उरतो. तो म्हणजे त्याचे शरीर. पी.टी. सर अंडी, खजूर आणि बदाम यांची यादी लिहून देतात. घरी भात, लाखोरीची डाळ आणि तळ्याला पाणी असेल त्या दिवसांत मासोळी. भातावर त्याचे निस्सीम प्रेम आहे, आणि शालेय कबड्डीला वजनाची मर्यादा आहे. त्यामुळे जिल्हास्पर्धेच्या आदल्या रात्री जे घडते, ते प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटण्यासारखे नाही. रात्रीचे जेवण बंद. पहाटे स्वेटरवर स्वेटर चढवून धाव. मग काट्यावर चढताना चप्पल, गंजी, मनगटावरचा गंडा आणि कमरेचा करदोटा एकामागून एक उतरतात. काटा तरीही पाव किलोने आडवा येतो, आणि हा वीर कोपऱ्यात जाऊन थुंकत बसतो. शेवटी एकदाचा उत्तीर्ण झाला, की बाहेर येऊन उपाहारगृहाच्या बाकड्यावर इतका भात जेवतो, की पहिल्या चढाईत दमापेक्षा ढेकर आवरण्याची शिकस्त करावी लागते.

झोपेचे तर विचारूच नये. दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी असते, गावोगावी विजेच्या झोतात कबड्डीचे सामने असतात, आणि सामना हरून लवकर सुटका झालीच, तर झाडीपट्टीचे नाटक असते. ते रात्री उशिरा सुरू होऊन कोंबड्याच्या आरवण्यापर्यंत चालते, आणि ते अर्ध्यावर सोडून येणारा माणूस या मुलखात जन्माला यावयाचा आहे. तेथून घरी यावे तो धावण्याची वेळ झालेली. शाळेचे हजेरीपत्रक आहे, मैदानाचेही आहे, निद्रेचे नाही. म्हणून ती बिचारी इतिहासाच्या तासाला स्वतः येऊन आपली बाकी वसूल करून जाते.

परवा त्याचा संघ विभागीय स्पर्धेसाठी पात्र ठरल्याबद्दल शाळेत सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांचा विषय ‘अभ्यास, क्रीडा आणि आरोग्य यांचा समतोल’ असा होता, आणि तो त्यांनी मुळापासून हाती घेतला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी हुतूतूचे प्रात्यक्षिक दाखविले, तेथपर्यंत आमचा सत्कारमूर्ती पहिल्या रांगेतील खुर्चीवर ताठ होता. बर्लिनलाच त्याची मान कलली, आणि मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केल्याच्या वर्णनापर्यंत वक्ते चढून गेले, तोवर तो गाढ झोपला होता. झोप ही आरोग्याची गुरुकिल्ली आहे, हे वाक्य त्याच्या डोक्यावरून गेले. नाव पुकारले जाताच शेजाऱ्याने कोपर मारले, तो ताडकन उभा राहून “हजर, सर!” म्हणाला, आणि सभागृहाने टाळ्या वाजविल्या.

घरी वडिलांनी प्रमाणपत्रावरील शिक्का उजेडात धरून तपासला. आजोबांनी नारळ कानाशी हलवून त्यातील पाण्याचा अंदाज घेतला. आईने शालीचे पोत बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाली, “हे बरी आनलास गा. निजाले कामी येते.”