तीन किल्ल्या, एक कपाट

क्रिप्टो मालमत्ता कोणाच्याच हातात नसते. हातात असते ती तिची खासगी किल्ली, म्हणजे एक भलीमोठी गुप्त संख्या, जिचे मूळ बीज २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतल्या १२ किंवा २४ शब्दांत कागदावर उतरवता येते. किल्ली ज्याच्याकडे, माल त्याचा. म्हणून शास्त्र सांगते की किल्ल्या तीन कराव्यात, त्यांपैकी दोन लागल्याखेरीज व्यवहार होऊ नये आणि तिन्ही वेगवेगळ्या गावी ठेवाव्यात.

बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल या शास्त्राला अत्यंत अनुकूल आहे: एक किल्ली घाटावर चिखलीला, दुसरी घाटाखाली मलकापूरला आणि तिसरी लोणारला, जिथे उल्का एकदा पडून गेलेली असल्याने पुन्हा पडण्याचा संभव कमी. प्रत्यक्षात मात्र चिखलीच्या काकांना ‘ते मोबाइलातलं’ समजत नाही, मलकापूरच्या मेहुण्यावर विश्वास नाही आणि लोणारला जायला कोणी मोकळे नाही, त्यामुळे तिन्ही कागद खामगावच्या भाच्याच्या लोखंडी कपाटात, एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली विसावतात. पिशवी घाईत सापडावी म्हणून तिच्यावर पेनाने ‘गुप्त’ असे ठळक लिहिलेले असते. गावच्या संस्थेचा धनादेशही दोन सह्यांशिवाय वटत नाही, म्हणूनच अध्यक्ष परगावी निघताना अख्ख्या कोऱ्या पुस्तकावर सह्या करून जातात.

नियमांची बाजूही तितकीच चोख आहे. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशा मालमत्तेची राखण करणाऱ्यांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आणले, त्यामुळे राखणदाराने ग्राहकाची ओळख पटवावी, नोंदी जपाव्यात आणि संशयास्पद व्यवहार कळवावेत, हे ठरले. नफ्यावर ३० टक्के कर २०२२ पासूनच आहे, तोटा मात्र कशातूनही वजा होत नाही. बँकेच्या लॉकरमधली चांदी चोरीस गेली, तर वार्षिक भाड्याच्या १०० पट एवढी तरी जबाबदारी बँकेवर येते. इथे पॅन, आधार आणि सेल्फी देऊन बसलेला ग्राहक ओळख पूर्णपणे सिद्ध झालेल्या अवस्थेत नागवला जातो. आणि जे भिजत नाही, कुजत नाही, ज्याला गुंजभर वजन नाही, त्याच्या राखणीची एवढी काळजी वाहिली जात असताना, क्विंटलांनी मोजल्या जाणाऱ्या सोयाबीनला बाजाराच्या आवारात धड ताडपत्री मिळू नये, शेड व्यापाऱ्यांच्या पोत्यांनी अडवलेले असावे, अवकाळी पावसात शेतकऱ्याचा ढीग नालीकडे वाहत जावा आणि उरलेल्या दाण्यांत १२ टक्क्यांहून जास्त ओलावा निघाला म्हणून तोच माल खरेदी केंद्रावरून परत पाठवला जावा, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. शेड मोकळे करायला अधिसूचना लागत नाही. व्यापाऱ्याला पोती उचलायला सांगावे लागते, आणि तेवढे सांगणारा माणूस कोणत्याच हंगामात कचेरीत सापडत नाही.