मूसांचं लांबलेलं उत्तर

आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग निघतो. एरवी काकड आरतीला उठणारा आणि शेजारतीनंतर निजणारा विठ्ठल त्या दिवसांत रात्रंदिवस उभा असतो, कारण बाहेरची रांगच संपत नाही. यात्रा उलगली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. आमच्याकडे बायका "दमला असेल गं" असं इतक्या सहज म्हणत की देव दमतो, ही गोष्ट कधी सिद्धान्ताची वाटलीच नाही. घरातलं मोठं माणूस दमतं, तसा तोही.

अशा घरात वाढलेल्या माणसाने कुरआनातली 'आयतुल कुर्सी' वाचली की तो एका जागी अडखळतोच. दुसऱ्या सूरहमधली ही २५५वी आयत. मुस्लिम घरांत ती भिंतीवर सुरेख अक्षरांत टांगलेली असते. अल्लाहला झोप लागत नाही, असं ती सांगते. ते ठीक आहे, देवाकडून एवढी अपेक्षा असतेच. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. झोपेच्या आधी जी डुलकी लागते, मान जराशी कलते आणि आपण दचकून "जागाच होतो" म्हणतो, तीसुद्धा त्याला लागत नाही. दुपारच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसांच्या मनात डुलकीबद्दल जी भीती असते, ती आकाशातल्या सत्तेच्या संदर्भात कुणीतरी निकालात काढली आहे, याचं मला फार कौतुक वाटतं. पुष्कळजण ही आयत रात्री निजताना म्हणतात. आपण आडवे होणार, तर जागं कोण आहे याची खातरजमा आधी केलेली बरी.

या आयतीखाली भाष्यकारांनी एक गोष्ट दिली आहे. इब्ने कसीरसारखे काटेकोर विद्वान लगेच बजावतात की ही बनी इस्राईलच्या, म्हणजे यहुदी परंपरेतल्या, जुन्या गोष्टींपैकी आहे, तिला फार धरून बसू नका. मी धरून बसलो आहे. लोकांनी हजरत मूसांना विचारलं, तुमचा देव झोपतो का हो? तेव्हा देवाने मूसांना सांगितलं, दोन्ही हातांत एकेक काचेची बाटली घे आणि रात्रभर जागा राहा. पहिला प्रहर बरा गेला. मग डोळे जड झाले, गुडघे वाकले, मूसा सावरले. पहाटेकडे मात्र झोपेने गाठलंच. बाटल्या एकमेकींवर आपटल्या आणि फुटल्या. आता आकाश आणि पृथ्वी धरून बसलेला कुणी पेंगला असता तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

इस्लाममधला ईश्वर समजून घ्यायला मोठमोठे ग्रंथ आहेत. मला मूसा पुरतात. कुरआनात ज्या पैगंबराचं नाव सर्वांत जास्त वेळा येतं ते हेच. आणि माणसाने देवाला जे काही विचारावं, मागावं, त्याच्याशी जे काही चुकावं, ते सगळं बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला आलेलं दिसतं.

मूळ सिद्धान्त तसा दोन ओळींचा. अल्लाह एक आहे. त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याला मूलबाळ नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही, त्याच्यासारखं काहीच नाही. हा तौहीद. आणि त्याच्या एकपणात दुसऱ्या कुणाला भागीदार करणं हा शिर्क, सगळ्यांत मोठा गुन्हा. चार आयतींची ११२वी सूरह हे सगळं सांगून मोकळी होते, पोरांनासुद्धा ती पाठ असते. पण दोन ओळींचा सिद्धान्त सांभाळायला माणसांना शतकं पुरली नाहीत. कुरआनात देवाच्या हाताचा उल्लेख येतो, सिंहासनाचा येतो. मग हात म्हणजे नक्की काय? सामर्थ्य म्हणावं, तर आपण शब्द बदलतो. हातच म्हणावं, तर बोटं मोजायची वेळ येते. मदिनेत इमाम मालिक यांना एकाने विचारलं, देव सिंहासनावर आरूढ आहे तो कसा? मालिक खाली मान घालून बसले आणि घामाने डबडबले. मग त्यांनी सांगितलं की आरूढ होणं माहीत आहे, 'कसं' ते कळण्यापलीकडचं आहे, मानणं कर्तव्य आहे आणि विचारणं हा नसता उद्योग आहे. एवढं बोलून त्यांनी विचारणाऱ्याला बाहेर काढायला सांगितलं. मालिक ७९५ साली वारले. त्यांचं ते उत्तर आजही मदरशांत शिकवतात. बाहेर काढलेल्या माणसाचं पुढे काय झालं, याची चौकशी कुणी केलेली दिसत नाही. प्रश्न मात्र त्याचाच टिकला.

बगदादमध्ये तर ८३३ साली खलिफा मामूनने काझी आणि विद्वानांची परीक्षाच मांडली. कुरआन निर्माण झालेला आहे की अनादी? अनादी म्हणाल, तर देवाच्या जोडीला आणखी एक अनादी वस्तू येते आणि एकपणाला धक्का लागतो, असा सरकारी युक्तिवाद. अहमद इब्न हंबल यांनी मान्य केलं नाही. त्यांनी तुरुंग भोगला, फटके खाल्ले. एकाचा एकपणा राखण्यासाठी एवढी माणसं एकमेकांवर तुटून पडावीत, यावर त्या एकाला काय वाटलं असेल, हे विचारायलाही मालिक मला बाहेर काढतील.

माझं कुतूहल यापेक्षा साधं आहे. बघायला काहीच नसलेल्या देवाशी माणसाने राहायचं कसं? आमची सगळी भिस्त डोळ्यांवर. दर्शन झालं की झालं. मुखदर्शन, कळसाचं दर्शन, तेही नाही तर नामदेव पायरीवर डोकं टेकवून परत. उलट ६३० साली मक्का हाती आल्यावर पैगंबरांनी काबागृहातल्या मूर्ती काढून टाकल्या. परंपरा त्यांचा आकडा ३६० सांगते. जगातल्या कोट्यवधी कपाळांचा रोख ज्या घराकडे असतो, त्या घराच्या आत तीन लाकडी खांब आहेत, वर लटकणारे दिवे आहेत, संगमरवर आहे. गाभारा नाही. मूर्तीला सरावलेला डोळा तिथे कितीही फिरवला तरी टेकायला जागा सापडायची नाही.

मूसांनाही हेच झालं. देवाशी बोलणं होत होतं, ते त्यांना पुरेना. तूर पर्वतावर त्यांनी मागितलं, मला तुला बघू दे. उत्तर मिळालं, तू मला पाहू शकणार नाहीस. त्या डोंगराकडे बघ, तो जागेवर राहिला तर बघशील. देवाचं तेज डोंगरावर पडलं, डोंगराचा भुगा झाला आणि मूसा बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तोबा केली. दर्शनाची एवढी महाग रांग दुसरी कुठे लागली नसेल.

पण बोलणं बंद झालं नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. मूसांना 'कलीमुल्लाह' म्हणतात, म्हणजे ज्यांच्याशी अल्लाह बोलला ते. त्यांच्या पहिल्याच भेटीत देव एक प्रश्न विचारतो: तुझ्या उजव्या हातात काय आहे? ज्याला पानापानाची खबर आहे त्याने काठीची चौकशी करावी! एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मूसा म्हणतात, ही माझी काठी. हिच्यावर मी टेकतो. हिने मेंढरांसाठी पाला झोडतो. शिवाय हिचे आणखीही पुष्कळ उपयोग आहेत. भाष्यकार विचारात पडले, की मूसांसारखा माणूस एवढं पाल्हाळ का लावतो? मग त्यांनीच उलगडा केला: समोर कोण आहे ते कळल्यावर बोलणं लवकर संपू नये, असं त्यांना वाटलं. आणि 'आणखीही उपयोग' असं मोघम ठेवलं, ते पुढचा प्रश्न यावा म्हणून. सगळ्या धर्मग्रंथांत इतकं खरं, इतकं माणसाळलेलं उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही. आवडत्या माणसाचा फोन ठेवायच्या वेळी "आणि काय म्हणतोस" असं आपण का विचारतो, तेच हे.

डोळ्यांचं दार बंद केलं आणि कानांचं सताड उघडं ठेवलं, असा हा सगळा संसार आहे. अजान कानांनी ऐकायची. कुरआन मुळात वाचायचा कमी आणि म्हणायचा जास्त. त्यातली अक्षरं भिंतीवर वेलबुट्टीसारखी चढली, तरी ती लिहिलेला आवाजच. विनोबांनी कुरआन समजून घ्यायचा म्हणून अरबी शिकून घेतली आणि पुढे 'कुराण-सार' काढलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओव्यांत लिहिला. दोघांनाही हे दार बरोबर सापडलं होतं.

आणि मग नावं. हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची परंपरा, सांगते की अल्लाहची नावं शंभराला एक कमी, म्हणजे ९९ आहेत. तसबीहचे मणी ९९ असतात, नाहीतर ३३, तीन फेऱ्यांचे. शंभरावं नाव कोणतं? अरबस्तानातल्या लोकांनी यावर म्हणून ठेवलंय की ते फक्त उंटाला माहीत आहे. म्हणून तो मान वर करून, ओठ मुडपून, जगाकडे तसा बघतो. उंटाचा चेहरा ज्याने एकदा जवळून पाहिला आहे, त्याला हे पटायला पुरावा लागणार नाही.

यातल्या कुठल्याही नावाआधी बंदा या अर्थाचा 'अब्द' जोडला की माणसाचं नाव तयार होतं. १९८० साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले हे अब्दुल रहमान, परमदयाळूचे बंदे. व्यवहारात घाई असते, त्यामुळे पुढचा बंदा गळतो आणि नाक्यानाक्यावर नुसते गफ्फारभाई, रज्जाकशेठ, सत्तार टेलर उरतात. गफ्फार म्हणजे पुन्हापुन्हा क्षमा करणारा. असं नाव धारण करून गॅरेज चालवणं सोपं नाही. सत्तार म्हणजे दुसऱ्याची उणी झाकणारा. शिंप्याला याहून शोभेसं नाव मला सुचत नाही, विशेषतः चाळिशीनंतर.

या ९९ नावांत जरब बसवणारीही आहेत: जब्बार, कह्हार. पण ११४ सूरहंपैकी ११३ सुरू होतात त्या रहमान आणि रहीम या दोन नावांनी, आणि दोन्ही दयेचीच. एका हदीसमध्ये या दयेचा हिशेबच दिला आहे. देवाने दयेचे शंभर भाग केले. ९९ स्वतःपाशी ठेवले आणि एक पृथ्वीवर पाठवला. त्या एका भागात सगळ्यांचं भागतं. घोडी आपल्या शिंगरावर पाय पडू नये म्हणून खूर उचलून धरते, ते त्यातूनच. एवढ्या थोर सिद्धान्ताच्या मध्यभागी एक घोडी पाय अधांतरी धरून उभी आहे, हे मला विसरता येत नाही.

आता मूसांची आणखी एक गोष्ट. ही कुरआनातली नव्हे, जलालुद्दीन रुमींची, 'मसनवी'च्या दुसऱ्या खंडातली. रुमी १२७३ साली कोन्यात वारले. मूसांना वाटेत एक मेंढपाळ भेटतो. तो देवाशी बोलत असतो: तू कुठे आहेस ते सांग, मी येतो. तुझी पायताणं शिवून देईन, केस विंचरेन, कपडे धुईन, उवा मारेन, दूध आणून देईन, रात्री तुझी खोली झाडून ठेवेन. आपल्या वाचकाला इथे नामदेवाची दुधाची वाटी आठवल्यावाचून राहणार नाही. मूसांच्या मात्र अंगाचा तिळपापड होतो. ज्याला देह नाही त्याच्या उवा? तोंडात बोळा कोंब, म्हणतात. मेंढपाळ बिचारा कपडे फाडतो आणि रानात निघून जातो.

मूसांना असं बोलायचा अधिकार होता, हे मान्य. सिद्धान्त त्यांच्याच बाजूचा होता. पण मदयनला आठ-दहा वर्षं त्यांनी स्वतः मेंढरं राखली होती, आणि काठी कशाकशाला उपयोगी पडते ते देवाला ऐकवलं होतं. त्यांना मेंढपाळाची भाषा कळायला हवी होती. देवानेही हेच सुनावलं. माणसं आपल्यापाशी आणायला धाडलेल्याने एक माणूस लांब घालवला, ही त्याची तक्रार. मग मूसा माग काढत रानात धावले. त्या वेड्यापिशा माणसाचा माग, रुमी सांगतात, बुद्धिबळाच्या पटासारखा उमटला होता. एक पाऊल सरळ, एक तिरपं. (आपल्या पटावर तिरपा जातो तो उंट. रुमींच्या पटावर हत्ती. पण उंट इथेही असावा, असं मला उगाच वाटतं.) काही कर्मठ मंडळी या गोष्टीवर नाक मुरडतात. मुरडोत. सातशे वर्षं ती सांगितली जातेच आहे.

या एका प्रसंगावरून मूसा कडक शिस्तीचे असावेत, असं कुणाला वाटेल. तर मेराजची रात्र आहे. पैगंबर मुहंमद सात आकाशं ओलांडून जातात आणि परतताना त्यांच्या समाजावर रोजच्या पन्नास नमाजा फर्ज झालेल्या असतात. वाटेत मूसा विचारतात, काय सांगितलं? पन्नास? लोकांना जमायचं नाही, मी पाहिलंय, परत जा आणि कमी करून घ्या. पैगंबर परत जातात, कमी होतात. मूसा पुन्हा परत पाठवतात. कुठल्या कथनात दहा-दहांनी, कुठल्या कथनात पाच-पाचांनी आकडा खाली येतो. घासाघीस करणारा खाली, देणारा वर, आणि मधे अनुभवी माणूस हलक्या आवाजात भाव सांगतो आहे. शेवटी पाच उरतात, आणि पुण्य मात्र पन्नासांचंच धरलं जाईल असं ठरतं.

पाचांवरही मूसा म्हणालेच, अजून एकदा जाऊन या. आता मागायची लाज वाटते, असं म्हणून पैगंबरांनी तो विषय संपवला. मूसांचं समाधान झालेलं दिसत नाही. बनी इस्राईलला घेऊन ते वाळवंटात हिंडले होते. माणसाला एकदा उठवायलासुद्धा किती हाका माराव्या लागतात, हे त्या सातही आकाशांत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.